कॉम्प्युटर तापतोय, असं लेकरू सांगतंय

मायबापांनो, पाचोडचा मे महिना तुम्हाला मी काय सांगावा! दुपारी पत्र्याच्या खोलीत ज्या वस्तूला हात लावाल तिचा चटका बसतो. त्याच खोलीच्या कोपऱ्यात तुमच्या पोराचा किंवा पोरीचा कॉम्प्युटर सुरू असतो. आतले पंखे घोंगावत असतात. रात्री जेवताना लेकरू हळूच म्हणतं, "पप्पा, ग्राफिक्स कार्ड लई तापायलंय." आपल्या तोंडून निघणारं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं : "दिवसरात्र गेम खेळल्यावर तापणार नाही तर काय?" या उत्तराविषयीच मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

कारण त्यानंतर लेकरू तो विषय पुन्हा काढत नाही. तुम्ही रानात किंवा दुकानात गेलात की ते एकटंच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतं. मोबाइलवर व्हिडिओ लावून कार्डाचे पंखे काढतं, स्क्रूवरचं छोटं स्टिकर फाडतं, आतली वाळलेली पेस्ट पुसून दुसरी लावतं. कधी ते जमतं, कधी कार्ड कायमचं गप्प होतं. मग कार्ड सेवा केंद्रात नेलं की तिथला माणूस आधी ते स्टिकर पाहतो. काही कंपन्या एवढ्यावरून अडवत नाहीत, पण पुष्कळ अडवतात. वॉरंटी शिल्लक असतानाही कार्ड परत तुमच्या हातात येतं. लेकराला दोष लपवावासा वाटला, कारण दोष सांगितल्यावर तो त्याच्याच माथी बसला होता.

तुमचा राग मला कळतो. पंचवीस-तीस हजारांचं कार्ड ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. मोसंबीला भाव मिळाला त्या वर्षीच असा खर्च निघतो आणि त्यासाठी घरातलं दुसरं काहीतरी मागे पडलेलं असतं. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करीन, थ्रीडी शिकीन, इंजिनिअरिंगला उपयोग होईल, असं सांगून पोरानं ते घ्यायला लावलेलं असतं, आणि पडद्यावर तुम्हाला दिसते ती बंदुकांची धडधड. गेमचे तास हा बोलायचाच विषय आहे. जरूर बोला, पण दुसऱ्या दिवशी. ज्या दिवशी लेकरू तापमानाची गोष्ट घेऊन येतं, त्या दिवशी फक्त तापमानाचं बोला.

हे कार्ड करतं काय ते आधी पाहू. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा असावा, याचा हिशेब ते सेकंदाला कित्येक वेळा करतं. त्यासाठी त्याच्या चिपमध्ये हजारो छोटे गणक एकाच वेळी राबतात. ते जेवढी वीज घेतं, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या मध्यम कार्डाला जोराच्या कामात साधारण ११५ वॅट लागतात, त्याआधीच्या ३०६० ला १७०, आणि ४०९० या महागड्या कार्डाला ४५० पर्यंत. एवढी उष्णता धातूच्या पात्यांतून पंख्यांनी खोलीत फेकायची असते. खोलीच चाळीस अंशांवर असेल तर पंखे तरी कुठली थंड हवा आणणार? पुस्तकात आणि परीक्षणात कार्डाचं जे तापमान छापलेलं असतं ते बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतलं. आपली खोली पंधरा अंशांनी जास्त तापलेली असेल, तर कार्डाचा आकडाही साधारण तेवढाच वर सरकतो. गेम नसला, नुसतं व्हिडिओचं रेंडरिंग सुरू असलं, तरी हे होणारच.

ही अडचण फक्त पोरांच्या खोलीतली नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकातली उष्णता पाणी फिरवून बाहेर काढतात. उष्णता बाहेर कशी न्यायची यावर मोठे अभियंते आयुष्य घालवतात. म्हणून लेकरू तापमानाचं बोलतं तेव्हा ते कामाचं बोलत असतं.

मग काळजी कधी करायची? लेकराजवळ बसा आणि आकडा दाखवायला सांगा. पडद्यावर तापमान दाखवणारी फुकट सॉफ्टवेअरं असतात, पोरांना ती माहीत असतात. जोराचं काम सुरू असताना सत्तर-ऐंशीच्या आसपासचा आकडा दिसला तर घाबरू नका. हाताला चटका बसतो म्हणून ते बिघडलंय असं नाही. पुष्कळ कार्डांत दोन आकडे दिसतात, एक चिपचा नेहमीचा आणि दुसरा तिच्यातल्या सगळ्यात तापलेल्या जागेचा, ज्याला पोरं हॉटस्पॉट म्हणतात. या दोन्हींत पंधरा-वीसचा फरक चालून जातो. तो तीस-चाळीसवर गेला, किंवा हॉटस्पॉट शंभराच्या पुढे जाऊन तिथंच राहायला लागला, तर काहीतरी नीट बसलेलं नाही. पेस्ट वाळली असेल, पात्यांत धूळ गच्च झाली असेल किंवा कार्ड कारखान्यातूनच सदोष आलं असेल. आणखी एक सांगते, कारण यावरून पालक हमखास घाबरतात : काम नसताना बऱ्याच नव्या कार्डांचे पंखे मुद्दाम बंद राहतात. पंखा फिरत नाही म्हणजे जळालाच, असं लगेच धरू नका.

कारखान्यातून सदोष येतं, हे मी लेकरांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एएमडी या मोठ्या कंपनीनं रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स हे ९९९ डॉलरचं कार्ड बाजारात आणलं. थोड्याच दिवसांत लोक सांगू लागले की हॉटस्पॉट ११० अंशांवर जातोय आणि कार्ड स्वतःचा वेग कमी करतंय. सुरुवातीला काहींना उत्तर मिळालं की एवढं तापमान चालतं. लोकांनी आकडे लिहून ठेवले, एकमेकांशी ताडून पाहिले. जर्मनीतल्या रोमन हार्टुंग या तंत्रज्ञानं अशी काही कार्डं मिळवून ती उभी-आडवी करून तपासली. उभं ठेवलं की तापमान आवाक्यात राहायचं, आडवं केलं की चढायचं. कार्डाच्या आत तांब्याची एक चपटी बंद पेटी असते. तिच्यातल्या थोड्याशा पाण्याची चिपपाशी वाफ होते, ती वाफ थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि अशी उष्णता वाहून नेली जाते. काही पेट्यांत हे पाणीच पुरेसं भरलेलं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं दोष मान्य केला आणि अशी कार्डं बदलून दिली. आकडा दाखवून "हे बरोबर नाही" म्हणणारी माणसं, ज्यांत तरुण पोरंही असणार, खरी ठरली.

आपल्या त्या ठरलेल्या उत्तराला थेट लागू पडेल असा प्रकार २०२१ च्या जुलैत घडला. 'न्यू वर्ल्ड' नावाचा गेम चाचणीसाठी खुला झाला, आणि तो खेळताना ईव्हीजीए कंपनीची काही महागडी आरटीएक्स ३०९० कार्डं बंद पडली. सगळे म्हणाले, गेमनं कार्ड जाळलं. कंपनीनं परत आलेली सुमारे दोन डझन कार्डं क्ष-किरणांखाली पाहिली, तेव्हा काही भागांचं सोल्डरिंगच कच्चं निघालं. कंपनीनं ती सगळी बदलून दिली. गेमनं ताण दिला हे खरं, पण सांधा आधीपासूनच कमजोर होता. धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. रोजच्या या खेचाखेचीत कच्चा सांधा एक दिवस तडकतो. २००८ मध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या अशाच कमकुवत बांधणीपायी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला चूक मान्य करावी लागते. मग आपल्या घरातला पंधरा वर्षांचा पोरगाच सगळ्याला जबाबदार कसा?

या तडकलेल्या सांध्यावरून एक सावधगिरी सांगते. मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजलं किंवा हॉट एअर गननं तापवलं की जिवंत होतं, असे व्हिडिओ पोरं पाहतात. काही दिवस ते चालल्यासारखं होतंही. पण त्या भट्टीत प्लास्टिक आणि रसायनांची वाफ कोंडते, आणि त्याच भट्टीत उद्या घरचं खाणं शिजतं. वॉरंटी तर त्या क्षणी संपतेच. लेकराला हे आधीच सांगून ठेवा, आणि प्रेमानं सांगा.

आगीची भीती मात्र वेगळी धरा. तिथं आकड्यांची वाट पाहायची नाही. जळकट वास आला, वायरीचं टोक काळं किंवा वितळलेलं दिसलं, की भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढायचा आणि कार्ड गार होईपर्यंत हात लावायचा नाही. २०२२ च्या शरदात आरटीएक्स ४०९० ची वीजजोडणी वितळल्याच्या तक्रारी आल्या. त्या नोव्हेंबरात एनव्हिडियानं सांगितलं की आपल्याकडे अशा साधारण पन्नास तक्रारी आहेत आणि जोडणी पूर्ण आत न बसणं हे मोठं कारण दिसतं. तरीही जळालेली कार्डं बदलून द्यायची तयारी तिनं दाखवली. वायर शेवटपर्यंत, टक् आवाज येईपर्यंत बसली आहे ना आणि ती टोकाशीच मुडपलेली नाही ना, हे बापानं लेकासोबत एकदा पाहून घ्यावं. घरातल्या अर्थिंगचंही तसंच. मोटारीच्या पेटीसाठी आपण खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरतो, आणि कॉम्प्युटर मात्र दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर लोंबकळत असतो. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या गावात चांगला यूपीएस ही चैन नाही.

बाकीची घरची काळजी साधी आहे. कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढा, गादीवर किंवा कपाटात कोंबू नका. पत्र्याखाली दुपारी बारा ते चार जड काम नको. रेंडरिंग पहाटे लावलं तरी होतं. कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, कारण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार आत गेले की पांढरे थर धरतात आणि गंज लागतो, आणि गंजलेलं कार्ड कुणीही बदलून देत नाही. कापसाच्या दिवसांत घरात तंतू फार उडतात. जाळी महिन्यातून एकदा तरी मऊ ब्रशनं साफ करा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह आवरा. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि झोत इतका जोराचा असतो की पंख्याचं बेअरिंग जातं. हातपंपानं हवा मारतानाही पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं. या सगळ्यासाठी कार्ड उघडावं लागत नाही, म्हणजे वॉरंटीलाही धक्का नाही.

आता खास तुमच्या हातातलं काम. तापमान मोजायला लेकराला येतं, पण कागद सांभाळायला तुम्हाला येतं, आणि बदली मिळते ती कागदावर. बियाण्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको : पिशवी, तिच्यावरची लॉट नंबरची चिठ्ठी आणि दुकानदाराची पावती आपण पीक हाती येईपर्यंत जपतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा ज्यांच्याकडे पावती आणि पिशवी होती त्यांनाच काही दाखवता आलं. शेतकरीही ग्राहकच आहे आणि सदोष बियाण्यासाठी तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ठामपणे सांगितलं. कार्डाच्या बाबतीत तुम्हाला हेच करायचं आहे. लॉट नंबरच्या जागी सीरियल नंबर असतो, एवढंच.

म्हणून पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि कार्डावरच्या स्टिकरशी तो जुळतो का ते दुकानातच पाहा. हजार-दोन हजार वाचतात म्हणून बिनबिलाचं घेऊ नका. परदेशातून कुणी आणलेल्या कार्डाला भारतात वॉरंटी मिळेलच असं नाही, तेही आधी विचारा. खोका आणि आतली चंदेरी पिशवी माळ्यावर ठेवा, पाठवताना तीच लागते. सेकंडहँड घेताना दहादा विचार करा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, कार्डांवर त्याचं मायनिंग करणं, म्हणजे हिशेब करून ते चलन कमावणं, एका दिवसात बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. बाहेरून पुसलेलं कार्ड आतून किती शिणलंय ते पावतीशिवाय कळत नाही.

दोष दिसला की लेकराच्या मदतीनं मोबाइलवर व्हिडिओ काढा : खोलीचं तापमान, पडद्यावरचे दोन्ही आकडे, किती वेळात ते चढले, आणि शेवटी स्टिकरवरचा सीरियल नंबर. मग दुकानदाराला फोन करण्याऐवजी ईमेल लिहा, कारण फोनवरचं "पाहतो" पुढे कुठं दाखवता येत नाही. सेवा केंद्रानं कार्ड ठेवून घेतलं तर जॉबशीट घेतल्याशिवाय निघू नका, आणि कार्ड कोणत्या अवस्थेत दिलं ते त्यावर लिहून घ्या. बदलून आलेला खोका उघडतानाही व्हिडिओ सुरू ठेवा. बदली म्हणून बऱ्याचदा दुरुस्त केलेलं किंवा त्याच तोडीचं दुसरं कार्ड येतं आणि वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीपासूनचीच उरलेली असते. अटींचा तो कागद एकदा वाचून घ्या, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. या साऱ्याला वेळ लागतो, आठवडे जातात. त्या दिवसांत पोर चिडचिडं होतं. त्याचं काम अडलेलं असतं, हे ध्यानात ठेवा.

मुलींविषयी एक बोलायचं आहे. घरात कॉम्प्युटर आला की तो भावाचा होतो, बहिणीला तो फॉर्म भरण्यापुरता मिळतो. तिच्या हातून बंद पडला तर बोलणी दुप्पट. आपल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं या भागातल्या किशोरवयीन मुलींसोबत जीवनकौशल्यांचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. मुलींचं ऐकून घ्यायचं काम या गावाला नवं नाही. एडिटिंग, ॲनिमेशन घरी बसून करता येणारी कामं आहेत. तिलाही ते तापमानाचे आकडे वाचता यायला हवेत, आणि "कार्ड तापतंय" हे तिनंही न भिता सांगायला हवं.

आता पुन्हा बदलीकडे वळू. कंपनी दाद देईना, तर पुढची वाट सरळ आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. त्यानं भागलं नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली आहे : दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की माल ऑनलाइन आलेला असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी, म्हणून "पाहू पुढच्या दिवाळीला" असं करू नका. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज जातो. पोरगा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून कमावतो म्हणून तो ग्राहक नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं ग्राहकाचीच मानली आहे.

आणि लेकरू अठरा वर्षांच्या आतलं असेल, तर ही तक्रार कायद्यानं त्याच्या आई-बापालाच करता येते. अर्जाखाली सही तुमची असेल. आकड्यांचं पान मात्र त्यालाच लिहू द्या, आणि संभाजीनगरला तारखेला जाताना त्यालाही सोबत न्या. किती वाजता किती अंश होते, हे तिथं नीट सांगू शकेल ते तुमचं लेकरूच.